वाजवणारे कुठून येतात?

दरवर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी रात्री अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये ड्रम कोअर नावाच्या मैदानी वाद्यपथकांच्या अंतिम स्पर्धेचा निकाल लागतो आणि रविवारच्या नाश्त्यापासून एक जुना वाद नव्याने सुरू होतो. एवढी मेहनत, एवढी शिस्त, डोळ्यांचं पारणं फेडणारं काम. मग बघायला तेच ते लोक का येतात? जुने वादक, आत्ताच्या वादकांचे आईबाप आणि शाळेच्या बँडमधली मुलं. त्यांच्यापलीकडचा माणूस इकडे का फिरकत नाही? प्रश्न रास्त आहे. मी पंधरा वर्षं इंडियानात राहते, माझी मुलगी शाळेच्या बँडमध्ये मेलोफोन हे पितळी वाद्य वाजवते आणि उन्हाळ्यात आम्ही गाडी काढून दोन-चार स्पर्धा तरी गाठतोच. हा वाद मी तेव्हापासून ऐकते आहे. पण तो ज्या दिशेने नेला जातो ती दिशाच चुकली आहे, असं माझं मत दरवर्षी जास्त पक्कं होत चाललं आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पूर्ण नाव ड्रम अँड ब्यूगल कोअर, म्हणजे ढोल आणि बिगुलांची पलटण. पितळी वाद्यं, नाना तऱ्हेचे ड्रम आणि झेंडे, लाकडी रायफली, तलवारी फेकून झेलणारं कलर गार्ड असे दीडशेच्या आसपास तरुण. क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही. वयाची अट बाविशीच्या आतली. उन्हाळाभर बसमधून देश पालथा घालायचा, शाळांच्या जिमच्या फरशीवर पथाऱ्या टाकायच्या, दिवसभर उन्हात तालीम करायची आणि रात्री फुटबॉलच्या मैदानावर अकरा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम सादर करायचा. धावत, मागे सरकत, आकृत्या बांधत आणि मोडत, आणि ते करताना एकही सूर न डळमळता. परीक्षक शंभरपैकी गुण देतात आणि त्या गुणांचा निवाडा हजाराव्या भागापर्यंत होतो. २००८ साली फँटम रेजिमेंट या पथकाने ब्लू डेव्हिल्स या पथकाला हरवलं ते ०.०२५ गुणांनी.

वाद घालणाऱ्यांचे दोन पक्ष आहेत. पहिल्या पक्षाचं म्हणणं असं की लोकांना ओळखीची गाणी हवीत, कान भरून टाकणारा पितळी आवाज हवा, आणि आजचे कार्यक्रम गूढ, तुटक आणि विजेच्या तारांनी जखडलेले झाले आहेत. ते तारखाच मोजून दाखवतात: २००० साली 'जी' (G) या पट्टीतल्या बिगुलाची सक्ती गेली, २००४ साली ध्वनिवर्धक आले, २००९ साली सिंथेसायझर आले, २०१४ साली ट्रॉम्बोन आले. दुसरा पक्ष म्हणतो, हे सगळं झालं म्हणून तर कला जिवंत राहिली. आता आणखी पुढे जा, रंगमंचासारखे देखावे उभे करा, टीव्हीला आणि मोबाइलला शोभेल असं काही करा, नवा प्रेक्षक आपोआप येईल. दोघांचं भांडण कडाक्याचं असलं तरी एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे: मैदानावर काय वाजतं त्यावर प्रेक्षक ठरतो. मला नेमकं हेच मान्य नाही. माझं म्हणणं असं की प्रेक्षक कुठून येणार हे वाजवणारे कुठून येतात त्यावर ठरतं. ड्रम कोअरचा प्रेक्षक आटला तो सुरावटी अवघड झाल्या म्हणून नाही. गल्लीतला मुलगा कोअरमध्ये जायचा बंद झाला म्हणून आटला.

यासाठी थोडं मागे जावं लागेल. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी, म्हणजे अमेरिकन लीजन आणि व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स यांनी, गावोगाव ही पथकं उभी केली. पुढे त्यांच्या मुलांची पथकं निघाली. कॅथलिक चर्चच्या पॅरिशनी, म्हणजे वस्तीवस्तीतल्या चर्चमंडळांनी, काढली, बॉय स्काउटच्या तुकड्यांनी काढली. न्यू जर्सीतल्या गारफिल्ड गावचे होली नेम कॅडेट्स (पुढे गारफिल्ड कॅडेट्स, मग नुसते कॅडेट्स) १९३४चे. बॉस्टन क्रुसेडर्स १९४०चे, तेही एका पॅरिशमधून निघालेले. शिकागोचे कॅव्हेलियर्स १९४८ साली डॉन वॉरन यांनी एका स्काउट तुकडीतून काढले. वायोमिंगमधल्या कॅस्पर गावात जिम जोन्स यांनी १९५७ साली ट्रूपर्स काढले. या पथकांत येणाऱ्या बहुतेक मुलांना नोटेशन वाचता येत नसे. गिरणीत, कारखान्यात, गोदीत काम करणाऱ्यांची मुलं ती. बिगुल त्यांच्या हातात पहिल्यांदा यायचा तो पॅरिशच्या तळघरात, आणि शिकवणारा असायचा आदल्या वर्षी शिकलेला एखादा दांडगा पोरगा. एका पोराच्या मागे आजी, काका, शेजारी, पाव विकणारा, शाळेची बाई असा सगळा गोतावळा मैदानावर हजर व्हायचा. त्यांना संगीत कळत होतं म्हणून ते येत नव्हते. त्यांचा पोरगा तिथे होता म्हणून येत होते. आणि वीस रविवार आल्यावर मात्र त्यांना संगीत कळायला लागायचं. कोणत्याही कलेला जाणता प्रेक्षक मिळतो तो याच वाटेने, आधी नातं आणि मग जाण, हा क्रम आपण वादात उलटा करून टाकतो.

१९७१-७२ साली वाजवणाऱ्यांनीच बंड केलं. नियम, वेळापत्रक, बक्षिसाची रक्कम सगळं माजी सैनिकांच्या संघटना ठरवणार आणि पथकांना त्यात आवाज नाही, हे त्यांना सहन झालं नाही. त्यातून ड्रम कोअर इंटरनॅशनल ही पथकांची स्वतःची संस्था निघाली आणि १९७२च्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी पहिली अंतिम स्पर्धा झाली. अनाहाइम किंग्समेन जिंकले. मी या बंडाच्या बाजूची आहे, हे स्पष्ट सांगते. त्याशिवाय ही कला इथवर आलीच नसती. १९८३, ८४, ८५ अशी सलग तीन वर्षं गारफिल्ड कॅडेट्सनी जिंकताना मैदानावरची जुनी सरळ, समतोल कवायत मोडून पाण्यासारख्या वाहत्या आकृत्या आणल्या, त्या लीजनच्या जुन्या नियमांखाली फुलल्या असत्या असं मला वाटत नाही. पूर्वी प्रत्येक चुकीला गुण कापायची 'टिक' पद्धत होती. ती १९८४पासून गेली आणि कल्पकतेला मोल आलं. पण बंडाबरोबर एक गोष्ट नकळत सुटली. स्पर्धा राष्ट्रीय झाली, दौरे लांबले, खर्च वाढला आणि पथकाचं गाव हे केवळ त्याच्या नावापुढचं विशेषण उरलं. पॅरिश गरीब झाल्या, लोक उपनगरांत पांगले, शाळांचे बँड चांगले झाले. शेकडो पथकं होती, ती आता जेमतेम तीन-चार डझन उरली. आज मोठ्या कोअरच्या चाचणीला जाणारा मुलगा आठ-दहा वर्षं वाद्य शिकलेला असतो, बहुधा विद्यापीठात संगीतच शिकत असतो, आणि तो त्या गावचा नसतो. मैदानावर जो उभा आहे त्याचं घर हजार मैलांवर असेल, तर स्टेडियमशेजारच्या घरातली आजी कोणासाठी येईल?

आता पहिल्या पक्षाचं सगळ्यात मजबूत म्हणणं घेऊ. ओळखीचं, थेट भिडणारं काही वाजलं की लोक उठून उभे राहतात, हे खरंच आहे. मॅडिसन स्काउट्सनी १९८८ साली 'मालागेन्या' ही धून वाजवून अजिंक्यपद मिळवलं, त्याची आठवण काढताना आजही पन्नाशीतल्या माणसांचे आवाज चढतात. २००८च्या फँटम रेजिमेंटचा 'स्पार्टाकस' हा कार्यक्रम तर मैदानाबाहेरच्या माणसालाही कळावा असा होता: गुलाम, मालक, बंड, सूड. 'मीच स्पार्टाकस' असं वादक एकामागून एक ओरडू लागले की प्रेक्षकांतूनही तशाच आरोळ्या उठत. याउलट स्टार ऑफ इंडियानाने १९९३ साली बार्टोक आणि बार्बर या विसाव्या शतकातल्या संगीतकारांच्या संगीतावर जो कार्यक्रम केला तो काळाच्या पुढचा होता. काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, आणि कॅडेट्सपेक्षा दशांश गुणाने ते दुसरे आले. मग पहिला पक्ष चूक कसा? चूक एवढीच की बसलेल्या माणसाला उभं करणं आणि घरी बसलेल्या माणसाला मैदानावर आणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालागेन्याने पहिलं काम केलं. दुसरं काम कुठलंच गाणं करू शकत नाही, कारण जो आलेलाच नाही त्याला काय वाजलं ते कळणार कसं?

दुसऱ्या पक्षाकडेही एक जबरदस्त उदाहरण आहे आणि ते याच स्टार ऑफ इंडियानातून निघालं. १९९३नंतर ते स्पर्धेतून बाहेर पडले आणि त्यांच्याच मंडळींनी पुढे 'ब्लास्ट!' नावाचा रंगमंचीय कार्यक्रम उभा केला. १९९९ साली तो लंडनला लागला, २००१ साली ब्रॉडवेवर आला आणि त्याच वर्षी त्याला विशेष नाट्यप्रयोगासाठीचं टोनी पारितोषिक मिळालं. परीक्षक नाही, गुण नाहीत, तरी ओळखदेख नसलेल्या परक्या माणसाने तिकीट काढून पितळी वाद्यं, ड्रम आणि झेंडे यांना टाळ्या वाजवल्या. कला अवघड आहे म्हणून लोक येत नाहीत, या समजाला याहून चांगलं उत्तर नाही, आणि माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत बोलका पुरावा हाच आहे. तो दुसऱ्या पक्षाच्या बाजूचा आहे हेही मान्य करते. पण पुढचा प्रश्न विचारा. ब्लास्ट पाहून भारावलेला लंडनचा किंवा न्यूयॉर्कचा प्रेक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे गेला असेल? त्याच्या वस्तीत जाऊन बघण्यासारखं, मुलाला घालण्यासारखं, मंगळवारी संध्याकाळी रस्त्यावरून आवाज ऐकू येण्यासारखं कोअर होतं का? नव्हतं. नाटक म्हणून ते उत्तम चाललं आणि नाटक म्हणूनच संपलं. दरवाजा उघडला होता, पण त्याच्यामागे घर नव्हतं.

टीव्हीचं तसंच. सत्तरच्या दशकापासून पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर अंतिम स्पर्धा दाखवली जात असे, २००५ ते २००७ ती ईएसपीएन-टू या क्रीडावाहिनीवर आली, तिच्या आधीची फेरी चित्रपटगृहांतही थेट दाखवली गेली, आता घरबसल्या पैसे भरून स्पर्धा पाहता येते. प्रत्येक वेळी वाटलं की आता लाट येणार. आली नाही. कारण सरळ आहे. पडदा ड्रम कोअरची सगळ्यात मोठी ताकद काढून घेतो. साठ-सत्तर पितळी कर्णे एकदम तुमच्याकडे वळतात तेव्हा आवाज कानाला नाही, छातीला लागतो. ते ज्याने अनुभवलं आहे त्याला पडद्यावर आठवण येते. ज्याने अनुभवलं नाही त्याला गणवेशातली मुलं पळताना दिसतात.

इथे कोणीतरी क्रिकेटचा दाखला देतंच. टी-ट्वेंटीने वेळ कमी केला, झगमगाट आणला आणि मैदानं भरली ना? भरली. पण वानखेडेवर पहिल्यांदा तिकीट काढून गेलेला माणूस क्रिकेटला नवा होता का? त्याने लहानपणी चाळीच्या जिन्यापाशी, दोन विटांच्या स्टम्पसमोर, रबरी चेंडूने शेकडो तास काढले होते. त्याच्या हातात बॅट येऊन गेली होती. झगमगाटाने त्याला घरातून उठवलं. खेळणं आणि बघणं त्याला गल्लीने आधीच शिकवलं होतं. ज्या देशात गल्लीत क्रिकेट नाही तिथे तोच झगमगाट नेऊन पाहा.

मला गल्लीचं महत्त्व कळतं कारण मी तिथून आले. कॉलेजात असताना मी पुण्यात तीन वर्षं ढोल वाजवला. गणपतीआधी दोन महिने संध्याकाळी नदीपात्रात सराव. एका बाजूला टिपरू, दुसऱ्या बाजूला हाताची थाप, कमरेला दोराचा काच पडून सालपट निघालेलं. शेजारी बँकेतले काका, पलीकडे वाण्याच्या दुकानात काम करणारा मुलगा, मागे इंजिनिअरिंगच्या मुली. पहिल्या आठवड्यात आमच्यापैकी निम्म्यांना ताशाची तर्री कुठे संपते आणि ढोल कुठे घ्यायचा हेसुद्धा कळत नव्हतं. गणपतीत लक्ष्मी रस्त्यावर आम्ही वाजवायला उभं राहिलो तेव्हा माझे घरचे बारा जण गर्दीत होते, आणि त्यांतल्या माझ्या आत्याने त्याआधी आयुष्यात कधी मिरवणूक पूर्ण पाहिलेली नव्हती. पुढच्या वर्षी मी परीक्षेमुळे वाजवलं नाही, तरी आत्या गेली. त्यानंतरही जात राहिली. कोणतं पथक ताल कसा बांधतं, कोणाचे ढोल एकत्र पडतात आणि कोणाचे विस्कटतात, हे ती मला फोनवर सांगते. आम्ही ताल सोपा केला म्हणून ती आली नव्हती.

याची दुसरी बाजू मी लपवणार नाही. ज्याला त्याला ढोल दिला की गर्दी होते, आवाज होतो, संख्येची चढाओढ लागते आणि रस्त्याकडेच्या घरातला आजारी माणूस हैराण होतो. २०२४ साली राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या पथकांना तीस वादकांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, तेव्हा दोन्ही बाजूंना खरं दुःख होतं. पथकांचा दर्जाही सारखा नसतो. दोन महिन्यांच्या सरावाने वादक तयार होत नाही. ड्रम कोअरमधले लोक मला हेच ऐकवतात. शिकाऊ मुलांना घेऊन ब्लू डेव्हिल्ससारखं काम होईल का? २०१४ साली त्यांना ९९.६५ गुण मिळाले, आजवरचे सर्वाधिक. तो सूर, ती सफाई वर्षानुवर्षांच्या तालमीतून येते. ती घालवून गर्दी जमवायची का?

मुळीच नाही. आणि याचं उत्तर ब्लू डेव्हिल्सनी स्वतःच देऊन ठेवलं आहे. कॅलिफोर्नियातल्या कॉन्कॉर्डमध्ये त्यांच्या मुख्य पथकाखाली 'बी' आणि 'सी' अशी लहान मुलांची पथकं आहेत. सी मध्ये अगदी शाळकरी पोरं असतात. सगळ्या संस्थेचा खर्च वर्षानुवर्षं बिंगोच्या, म्हणजे हाउझीसारख्या, खेळातून मोठ्या प्रमाणावर भागवला गेला, म्हणजे संध्याकाळी गावातल्या हॉलमध्ये येऊन बसणाऱ्या साध्या माणसांच्या पैशातून. जे पथक सर्वाधिक वेळा जिंकलं त्याचीच मुळं गावात सर्वांत खोल आहेत, हा मला योगायोग वाटत नाही. शिखर उंच असायलाच हवं. प्रश्न पायथ्याचा आहे. टोकाची कठीण कला आणि मोठा प्रेक्षक यांचं वैर असतं तर पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाला हजारो माणसं रात्र रात्र बसलीच नसती. भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेल्या त्या महोत्सवात राग कोणी पाच मिनिटांचा केला नाही. पण मांडवात भारतीय बैठक होती, तिकीट परवडत होतं, आणि समोर बसलेल्या कित्येकांच्या घरी कोणी ना कोणी पेटीवर सारेगम गिरवत होतं.

पैशाचा मुद्दा मात्र खरोखर कठीण आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. एका मुलाला एका उन्हाळ्यासाठी हजारो डॉलर मोजावे लागतात. बस, ट्रक, इंधन, विमा, जेवण. सांता क्लारा व्हॅनगार्डसारख्या पथकाला आर्थिक अडचणीपायी २०२३चा हंगाम सोडावा लागला. ते २०२४ला परतले. कॅडेट्स परतले नाहीत. नव्वद वर्षांचं ते पथक कायद्याच्या आणि पैशाच्या ओझ्याखाली २०२४च्या जानेवारीत बंद झालं. अशा वेळी चालकांना 'गावात शिकाऊ पथक काढा' असं सांगणं म्हणजे बुडत्याच्या डोक्यावर आणखी एक गाठोडं देणं, असं कोणालाही वाटेल. पण कॅडेट्स बंद झाले तेव्हा हळहळ व्यक्त झाली ती देशभरच्या जुन्या वादकांकडून. ज्या गावात ते जन्मले त्या गावात आज किती घरांना काही हरवल्यासारखं वाटलं असेल? विखुरलेले चाहते हळहळतात, पण नगरपालिकेच्या सभेत जाऊन मैदान मागत नाहीत, बिंगोला येत नाहीत, शाळेच्या मंडळावर दबाव आणत नाहीत. ज्या पथकाला गाव नाही त्याला वाईट वर्षी सावरणारं कोणी नसतं. म्हणूनच गावाशी नातं ही ऐपत आल्यावर करायची चैन नाही. ऐपत तिथूनच येते.

या मताला मी पुस्तकांमुळे आले नाही. चार वर्षांपूर्वी इंडियानापोलिसला स्टेडियमजवळच्या मोकळ्या पार्किंगमध्ये, ज्याला सगळे नुसतं 'लॉट' म्हणतात, आम्ही ड्रमलाइनचा, म्हणजे कोअरमधल्या ड्रमवाल्यांचा, सराव बघत होतो. लॉट फुकट असतो. वादक कमानीत उभे राहतात, मध्ये स्पीकरवर मेट्रोनोमचा टक-टक ठोका चालू असतो, आणि प्रेक्षक इतके जवळ उभे राहतात की काठ्यांचा वारा लागावा. स्नेअर ड्रमवाल्या नऊ जणांच्या अठरा काठ्या एकाच उंचीला जातात आणि एकाच क्षणी खाली येतात. नऊ ड्रम असूनही कानाला एकच ऐकू येतो. टेनर म्हणजे एकत्र जोडलेले पाच-सहा ड्रम, टेनरवाल्याचे हात त्यांच्यावरून आडवे-तिडवे फिरतात. शेवटी पाच बास ड्रम, लहानाकडून मोठ्याकडे, एकाच वाक्याचे तुकडे वाटून घेतल्यासारखे. तिथे जेवण पोहोचवणारा एक माणूस सायकल टेकवून थांबला होता. हातातली पिशवी तशीच. तो वीस मिनिटं हलला नाही. लॉटमधल्या त्या माणसाला ना कार्यक्रमाचं नाव माहीत होतं, ना गाणं ओळखीचं होतं, ना गुणांची पद्धत कळत होती. सराव थांबल्यावर त्याने मला विचारलं, "माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. दिवसभर टेबल बडवतो. त्याला हे कुठे शिकता येईल?"

मी आजूबाजूला विचारलं. तिथे कोअरचे टीशर्ट घातलेले स्वयंसेवक होते, पालक होते, दोन माजी वादक होते. कोणालाच उत्तर देता आलं नाही. शाळेच्या बँडमध्ये घाला, मग खासगी शिकवणी लावा, मग सतराव्या-अठराव्या वर्षी चाचणी द्या, असं कोणीतरी म्हणालं. त्याने मान डोलावली आणि तो निघून गेला. प्रेक्षक कसे वाढवायचे यावर दरवर्षी तावातावाने बोलणारे आपण, आणि दारात आलेल्या प्रेक्षकाला बसायला सांगायची सोय नाही.

मग काय करता येईल? मला सगळ्याची उत्तरं माहीत आहेत असा माझा दावा नाही, पण हाताशी असलेल्या दोन गोष्टी तर दिसतात. ऑगस्ट संपला की नव्या मुलांच्या निवडीची शिबिरं सुरू होईपर्यंत वाद्यं ट्रकमध्ये पडून असतात. त्या अडीच-तीन महिन्यांत, पथक ज्या गावचं नाव लावतं त्या गावातल्या मुलांना शनिवारी दोन तास ती हातात द्या. चाचणी नको, फी नको. विसांतला एखादाच पुढे मोठा वादक होईल. बाकीचे एकोणीस घरी जाऊन टेबल बडवतील आणि पुढच्या उन्हाळ्यात आईला घेऊन येतील. ड्रम कोअर इंटरनॅशनलचा 'साउंडस्पोर्ट' नावाचा लहान पथकांसाठीचा उपक्रम आहेच. तो मुख्य स्पर्धेशेजारचा जोडकार्यक्रम म्हणून राहिला आहे, त्याला मधोमध आणा. आणि परीक्षणपत्रिकेत शंभरातले चाळीस गुण कार्यक्रमाच्या एकूण 'परिणामा'ला असतात, त्यांची भीती घालून रचनाकारांना सोपं करायला लावू नका. त्यांना अवघडच करू द्या.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी आहे. दौऱ्यात पथक रोज नव्या गावात उतरतं. त्या गावची शाळा त्याला जिम देते, मैदान देते. दिवसभर आख्ख्या वस्तीला आवाज जातो, पण वस्तीला कोणी बोलावत नाही. दोन उन्हाळ्यांमागे आमच्याजवळच्या एका लहान गावात शाळेच्या शिपायाने आपण होऊन चर्चच्या फळ्यावर खडूने लिहिलं की संध्याकाळी सात वाजता मैदानावर या. पन्नास-साठ माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन आली. मुलांनी धुळीने माखलेल्या टीशर्टवरच पूर्ण कार्यक्रम वाजवला. शेवटचा सूर थांबल्यावर थोडा वेळ कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. मग टेनर वाजवणाऱ्या एका मुलाने खांद्यावरून ड्रमसकट हार्नेस काढला आणि समोर उभ्या असलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर चढवला. ड्रम तिच्या हनुवटीला लागत होते, म्हणून तो गुडघ्यावर बसला आणि खालून दोन्ही हातांनी ते उचलून धरले. तिच्या मागे रांग लागली. बस दहाला सुटायची होती, ती साडेदहाला सुटली.